कुमरेभाऊंची डबल घंटी

घर दाखवताना कुमरेभाऊंनी भाड्याचा विषय काढायच्या आधी मला विचारलं, "मॅडम, तुमी पाणी कितीक पेता?"

मी तेव्हा शाळेच्या बदलीवर नुकतीच गडचिरोलीला आले होते. घरमालक पाण्याचं विचारतो म्हणजे विहिरीचं काही खरं नाही, एवढं शहाणपण मला आधीच्या बदल्यांनी शिकवलं होतं. म्हणून शक्य तितका गरीब चेहरा करून मी म्हटलं, "फार नाही लागत हो मला. थोडक्यात भागवते मी."

त्यांचा चेहरा पडला. बायकोकडे वळून ते म्हणाले, "घ्या. हे तं पाणीच पेत नाई म्हणते. कसं जमन?"

सुमनवहिनी चौकटीला टेकून हसत होत्या. "अवो, त्यायले काय ठाऊक? आधी नीट सांगा तं खरं!"

मग नीट सांगणं झालं. ह्या घरात ठरावीक वेळाने सगळे पाणी पितात. मालक, मालकीण, आलागेला पाहुणा, मीटर बघायला आलेला माणूस, कोणालाही सूट नाही. भाडेकरू घरात असेल तर त्यालाही भांडं मिळेल आणि ते त्याने संपवायचं. हे चाललेलं असताना आतल्या पडद्याआडून सातआठ वर्षांची एक मुलगी माझ्याकडे टक लावून बघत होती. हडकुळी, डोळ्यांच्या पांढऱ्यात पिवळट झाक, पण नजर भलतीच मिस्कील. ती वैशाली, घरातली वैशू.

"सिकल हाय तिले," कुमरेभाऊ आवाज न उतरवता म्हणाले. "पाणी कमी पडलं की दुखते. एकटीले पे पे म्हटलं तं ते औषध होते. समदे पेले तं घरचा रिवाज होते."

सिकल हा शब्द आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे कोणाला समजावून सांगावा लागत नाही. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, आणि मग हाडं ठणकायला लागतात. थंडी लागली, ऊन लागलं, दमलं, पाणी कमी पडलं, काहीही निमित्त पुरतं. आईबाप दोघांच्याही रक्तात तो अर्धा अर्धा असतो, त्यांना स्वतःला काही जाणवतही नाही. पण मुलाच्या वाट्याला दोन्ही अर्धे आले की तो पुरा होतो आणि जन्मभर राहतो.

मी ते घर घेतलं. पाणी पिऊ लागले. माझी जुनी पित्ताची तक्रार त्यात कधी गेली ते मला कळलंही नाही, पण हे मी कुमरेभाऊंना कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी डेपोभर सांगितलं असतं.

कुमरेभाऊ बसचे कंडक्टर होते. बुटके, पोट सुटलेले, खाकी शर्टाचं मधलं बटण कायम ताणलेलं. आवाज असा की घरात साधी भाजी मागितली तरी आष्टीच्या प्रवाशांना उतरायला सांगतात असं वाटावं. गडचिरोलीहून चामोर्शी, आष्टी, आलापल्ली, आणि पुढे कधी अहेरी, कधी भामरागड, हा त्यांचा नेहमीचा रस्ता. बसमध्येही त्यांची पाण्याची खोड सुटली नव्हती. पायाशी पाच लिटरचा कॅन ठेवलेला असायचा आणि कडेवर लेकरू घेतलेली बाई चढली की तिकिटाआधी तिला पाणी. त्यांच्याबरोबर ड्यूटी लागली की ड्रायव्हर कुरकुरत. कुमऱ्याच्या गाडीले झाडामागं उतरणारे लय, घंट्याभराचा रस्ता दीड घंट्याचा होते, असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते खरंच होतं.

घंटीची गोष्ट मला पहिल्याच सकाळी कळली. वैशूची खाट मागच्या खोलीत. तिच्या उशापासून निघालेली नायलॉनची दोरी खिडकीतून बाहेर, स्वयंपाकघराच्या भिंतीवरून वळसा घेत पुढच्या पडवीत येत होती आणि तिच्या टोकाला पितळेची घंटी टांगलेली होती. कायदा बसचाच. एकदा वाजली म्हणजे थांबा. दोनदा वाजली म्हणजे चला. वैशूला दुखायला लागलं की तिने एकदा ओढायची. मग ज्याच्या हातात जे काम असेल ते तिथेच टाकून त्याने तिच्याकडे धावायचं. बरं असेल तर दोनदा.

रोज सकाळी कुमरेभाऊ बूट घालून, खांद्याला तिकिटांची पेटी लावून पडवीच्या कडेला उभे राहायचे. आतून डबल आल्याशिवाय त्यांचा पाय अंगणात पडत नसे. पोरगी खट्याळ. एक घंटी द्यायची आणि दुसरी मुद्दाम लांबवायची. तेवढ्या वेळात कुमरेभाऊंचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. एक पाय पायरीवर, एक वर, श्वास आत घेतलेला. मग दुसरी घंटी वाजायची, ते मोठ्याने "चलो!" म्हणायचे आणि निघायचे. मी माझ्या खिडकीतून रोज बघत असे. पहिल्या आठवड्यात मला हसू आलं. नंतर मीसुद्धा दुसऱ्या घंटीपर्यंत केसांत कंगवा तसाच धरून थांबू लागले.

ह्या घंटीपायी त्यांची झोप मात्र कायमची गेली होती. सुट्टीच्या दिवशी दुपारी ते खाटेवर आडवे व्हायचे आणि सायकलची घंटी वाजली तरी ताडकन उठून मागच्या खोलीत हजर. गल्लीत उन्हाळ्यात एक कुल्फीवाला यायचा, घंटी वाजवत. कुमरेभाऊंनी त्याला गाठून दम भरला. तो बिचारा म्हणाला, "घंटी नाई वाजवली तं पोट्ट्यायले कसं समजन का मी आलो?" ह्यावर कुमरेभाऊंनी त्याला स्वतःजवळची शिट्टी दिली. पुढे कितीतरी उन्हाळे आमच्या गल्लीत कुल्फी शिट्टीवर विकली गेली, आणि नव्याने राहायला आलेल्या लोकांना वाटायचं, पोलीस आले.

दुखणं मोजायची त्या बापलेकीची एक रीत होती. दवाखान्यात डॉक्टर विचारतात, किती दुखतं, दहापैकी किती? लहान पोर काय सांगणार? कुमरेभाऊंनी त्यावर आपला रस्ता काढला. गडचिरोली म्हणजे काही नाही, गाडी डेपोतच उभी. चामोर्शी म्हणजे जरा जरा. आष्टी म्हणजे शाळेत जाववणार नाही. गरम फडक्याने गुडघे शेकत ते विचारायचे, "कुठवर आली गाडी?" आणि वैशू दात आवळून म्हणायची, "आष्टीच्या अलीकडं, बाबा." तिने आलापल्ली म्हटलं की वहिनी पिशवी भरायला घ्यायच्या, मी ऑटो बोलवायला धावायची, आणि सगळे सरकारी दवाखान्यात. आलापल्लीच्या पुढचं नाव त्या खेळात कधी कोणी घेत नसे. भामरागडला गाडी न्यायचीच नाही, अशी कुमरेभाऊंची सक्त ताकीद होती.

तिचं कारण मला फार उशिरा, वहिनींकडून कळलं. वैशूच्या आधी त्यांना एक मुलगा होता. दोन वर्षांचा. हातपाय सुजायचे, ताप यायचा, सगळे म्हणायचे दातांचा आहे. एका पावसाळ्यात कुमरेभाऊंची गाडी भामरागडला गेली आणि नदीला पूर आला. पूल पाण्याखाली. ते पलीकडे अडकून पडले. पाणी उतरून घरी आले तोवर सगळं होऊन गेलं होतं. सिकल हे नाव त्यांना त्यानंतर कळलं, वैशूचं रक्त तपासलं तेव्हा.

"तवापासून असेच हायत हे," वहिनी भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "म्हणतात, एकदा घंटी झाली होती सुमन, मले ऐकू नाई आली."

हे ऐकल्यावर मी कुमरेभाऊंना हसणं जरा कमी केलं. अगदी सोडलं असं नाही. त्यांच्याकडे बघून हसू यायचंच. तान्ह्या पोळ्याला सगळी मुलं लाकडी बैल घेऊन मिरवतात. एका वर्षी पावसाची भुरभुर होती म्हणून ह्यांनी वैशूला जायला बंदी केली. पोरीने रडून घर डोक्यावर घेतलं. शेवटी मिरवणुकीत वैशू निघाली ती अशी: अंगात बापाचा पायघोळ रेनकोट, डोक्यावर माकडटोपी, वर बापाने धरलेली छत्री, आणि लाकडी बैलाच्या दोन शिंगांना पाण्याच्या दोन बाटल्या. सजावटीचं पहिलं बक्षीस तिलाच मिळालं. परीक्षकांना वाटलं, पाणीटंचाईवर देखावा आहे.

पण गंमत बाजूला ठेवली तर हे सगळं त्या मुलीवर फार होतं. पोहायचं नाही, धावायचं नाही, सहलीला जायचं नाही, आत्याच्या गावी मोहफुलं वेचायला पहाटे जायचं नाही. बापाच्या हातात तिच्यासाठी एकच घंटी होती, थांबायची. आणि कोणी तिची कीव केलेली मात्र त्यांना खपत नसे. एकदा दूरची एक आत्याबाई आली, वैशूच्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "बिचारी! किती दिवस काढन आता हे?" कुमरेभाऊ उठले, आत्याबाईंची पिशवी उचलली, कोपऱ्यावरच्या ऑटोत नेऊन ठेवली आणि परत येऊन हात जोडून म्हणाले, "आत्याबाई, तुमची गाडी लागली." जेवण व्हायचं होतं अजून. वहिनी कपाळाला हात लावून बसल्या, वैशू पडद्याआड पोट धरून हसत होती.

बारावीनंतर वैशूने नागपूरला फार्मसीला जायचं काढलं. घरात आठवडाभर अबोला. कुमरेभाऊ मला म्हणाले, "मॅडम, तुमी सांगा तिले. इथीच कॉलेज हाय, इथीच शिक." मी दोन्हीकडून बोलणी खाण्यापेक्षा गप्प राहिले. निकाल वहिनींनी लावला. ताट वाढताना त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमी हजारो लोकायच्या पोरीले गाडीत बसवून देता. स्वताच्या पोरीले बसवताना काऊन हात कापते?"

जूनमध्ये वैशू गेली. तिच्या खाटेपाशी दोरी लोंबत राहिली.

आता घंटीची जागा मोबाईलने घेतली. रोज सकाळी वैशूने दोन मिस्ड कॉल द्यायचे. एक आला तर थांबा. एका सकाळी एकच आला. कुमरेभाऊंना त्या दिवशी सुट्टी होती. त्यांनी उलट फोन लावला तर बंद. पुन्हा लावला, बंद. वहिनी म्हणत होत्या, थांबा, रेंज गेली असन. तोवर हे चपला घालून रस्त्यावर. पहिली मिळाली ती गाडी पकडून, घरातल्या बंडीवर शर्ट चढवत, नागपूर. वसतिगृहात ती नाही. कॉलेजात वर्गात नाही. कोणीतरी सांगितलं, हॉलमध्ये बघा. हॉलच्या दारात जाऊन उभे राहिले तर गॅदरिंगची तालीम चाललेली, आणि पुढच्या रांगेत मधोमध वैशू नाचत होती. मोबाईल पिशवीत, चार्जिंग संपलेलं.

नाचायलाही त्यांनी लहानपणापासून मनाई केलेली होती.

ते दारातच पायरीवर बसले म्हणे. नाच पुरा झाला तेव्हा तिचं लक्ष गेलं. ती घाबरून धावत आली. कुमरेभाऊंनी पिशवीतली बाटली काढून तिच्या हातात दिली, "पाणी पे," म्हणाले, आणि ती प्यायली तेवढं बघून परत निघाले. संध्याकाळी घरी आल्यावर वहिनींनी आणि मी एकदमच विचारलं, काय झालं?

"नाचून राह्यली होती," ते म्हणाले.

"मंग?"

ते बूट नसलेल्या पायांकडे बघत राहिले. "बरी नाचते," म्हणाले.

पुढे ती शिकली, औषधांच्या दुकानात नोकरीला लागली, आणि लग्नाचं वय झालं. कुमरे गोंड, आणि गोंडांमध्ये सोयरिक ठरवताना पहिला प्रश्न देवाचा. तुम्ही किती देवांचे? दोन्हीकडचे देव सारखे असले तर ती भावकी झाली, लग्न होत नाही. वेगळे असले तरच पुढची बोलणी. वैशूला बघायला जे घर आलं त्यांचे देव निराळे निघाले, सगळ्यांना हायसं वाटलं. मुलगा अरविंद, चंद्रपूरला वायरमन. चहा झाला, आणि माणसं सैल बसली तेवढ्यात कुमरेभाऊंचा तो आवाज आला, "देवायचं झालं. आता रक्ताचं बोलू. पोराचं सिकल तपासलं काय?"

मुलाच्या मामांचा कप बशीत आपटला. "आमच्या घराण्याच्या रक्तात काय खोट दिसली तुमाले?"

"तुमच्यात नाई, आमच्यात हाय," कुमरेभाऊ म्हणाले. "माह्या पोरीले पुरा सिकल हाय. माह्या अन हिच्या आईच्या रक्तात अर्धा अर्धा होता, कोणालेच मालूम नोयता. म्हणून विचारतो."

एरवी लोक ही गोष्ट लग्न होईपर्यंत झाकतात. नंतर कळलं की मुलगी टाकतात, असंही मी बघितलं आहे. मला वाटलं, संपलं. मामांनी टोपी उचललीसुद्धा. तेवढ्यात अरविंद म्हणाला, "मामा, बसा. मले वैशालीनं फोनवर पहिल्याच दिवशी सांगितलं. मी मागच्या हप्त्यात तपासून आलो. माह्यात नाई." आणि त्याने खिशातून रिपोर्टची घडी काढून कुमरेभाऊंपुढे ठेवली.

कुमरेभाऊंनी तो कागद वाचला, मग वैशूकडे बघितलं. तिने बापाच्या आधी सगळं उरकून टाकलं होतं. ते मामांकडे वळले आणि एकदम जोरात म्हणाले, "आपले बुढे काई अडानी नोयते, मामा. देव सारखे नोको म्हणून सांगून गेले. रक्ताचंबी तसंच हाय. सारखं सारखं भेटलं की लेकराले भोवते." मामा अजून घुश्शात होते, पण त्यांनी कप परत तोंडाला लावला.

लग्नानंतर अरविंदने पडवीतली दोरी बघून इलेक्ट्रिकची बेल बसवून देतो म्हटलं. सासऱ्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो विषय पुन्हा निघाला नाही.

दोनेक वर्षांनी, मी बदलून चंद्रपूरला आले होते तेव्हा, कुमरेभाऊ एका दुपारी माझ्या दारात उभे. निवृत्त झाले होते. तोंड सुकलेलं. मी पाणी दिलं तर भांडं हातात धरून बसले, प्यायचंही विसरले. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

"वैशूले दिवस गेले," ते म्हणाले.

मी आनंदाने काही बोलणार तोच त्यांनी हात वर केला. सिकलच्या बाईला बाळंतपण जड असतं. नेहमीच्या गोळ्या बंद, रक्त उतरतं, छातीत पाणी होऊ शकतं, दुखण्याची उबळ कधीही. डॉक्टरबाईंनी काही लपवलं नव्हतं. नीट सांभाळलं तर होतं, म्हणाल्या होत्या, पण नीट सांभाळलं तर. वैशूला मूल हवं होतं. ती ठाम होती.

"मले नातू नोको, मॅडम," कुमरेभाऊ म्हणाले. "मले माही पोरगी पायजे. तुमी सांगा न तिले."

ह्या खेपेलाही मी काही सांगितलं नाही. काय सांगणार होते? त्यांच्या हातातलं भांडं मी पुन्हा त्यांच्या तोंडाशी नेलं.

ते महिने त्या घराने कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. वहिनी चंद्रपूरला मुलीकडे येऊन राहिल्या. कुमरेभाऊ गडचिरोलीहून येत-जात. वैशूची दोन दुखणी आष्टीपर्यंत गेली, एकदा आलापल्लीला पोचली, तेव्हा आठवडाभर दवाखाना झाला. शेवटी सिझर ठरलं. रक्त द्यायला डेपोतले तीन ड्रायव्हर आणि त्यांचा जुना जोडीदार कंडक्टर, सगळे पहाटेच्या गाडीने आले होते. मी डबा घेऊन गेले तेव्हा बाकावर खाकी माणसांची रांग बसलेली आणि कुमरेभाऊ त्यांना पाणी वाटत फिरत होते.

साडेअकरा-बाराच्या सुमाराला नर्स बाहेर आली. हातात गुंडाळलेलं बाळ. "मुलगी झाली," ती म्हणाली. वहिनी पुढे झाल्या, अरविंद पुढे झाला. कुमरेभाऊ जागचे हलले नाहीत.

"आई?" त्यांनी विचारलं.

"आत आहेत. ऑक्सिजन लावलाय. वेळ लागेल थोडा," नर्स म्हणाली, आणि बाळाला घेऊन आत गेली.

वेळ लागेल म्हणजे किती, आणि कशाला, हे सांगायला कोणी आलं नाही. अरविंद आणखी रक्ताची बाटली आणायला धावला. नर्सने दुसऱ्यांदा बाळ बाहेर आणलं, "आजोबा, बघा तरी," म्हणाली. कुमरेभाऊ भिंतीकडे तोंड करून उभे होते. "मले आधी माही पोरगी दाखवा," एवढंच बोलले. वहिनींनी बाळ घेतलं. मी कुमरेभाऊंच्या शेजारी उभी होते, आणि खरं सांगते, मला त्या वेळी फार भीती वाटली. त्यांच्या हाताशी लागून उभं राहण्यापलीकडे मला काही सुचलं नाही.

दुपार कलली तेव्हा त्यांच्या शर्टाच्या खिशातला फोन वाजला. एकदा. आणि बंद झाला.

त्यांनी फोन काढला. वैशूचं नाव. बाकावरची खाकी माणसं उठून उभी राहिली. ह्या माणसाच्या घरचा कायदा त्या सगळ्यांना माहीत होता. एक घंटी. कुमरेभाऊ एक पाय पुढे टाकून तसेच उभे राहिले, श्वास आत घेतलेला. मला माझी जुनी खिडकी आठवली आणि केसांत अडकलेला कंगवा. वहिनींच्या मांडीवर बाळ कुरकुरत होतं.

मग फोन दुसऱ्यांदा वाजला आणि बंद झाला.

"चलो," कुमरेभाऊ म्हणाले. आवाज फुटलाच नाही त्यांचा. ते तिथेच फरशीवर बसले आणि आमच्या सगळ्यांदेखत रडले. ड्रायव्हर लोकही डोळे पुसत होते, मीही. थोड्या वेळाने नर्स बाहेर येऊन रागावली, "अहो, बोलायचं नाही म्हटलं तरी ऐकेनात त्या. फोन द्या, फोन द्या. लावून कट केला, पुन्हा लावून कट केला. हा काय प्रकार आहे?" कुमरेभाऊ उठले, तोंड धुतलं, तांब्याभर पाणी प्यायले आणि वहिनींपुढे हात पसरून म्हणाले, "आण इकडं."

आत सोडलं तेव्हा त्यांनी विचारलं, "कुठवर आली गाडी?"

वैशूने डोळे मिटूनच सांगितलं, "चामोर्शीच्या अलीकडं हाय, बाबा. वापस येऊन राह्यली."

बाळाला हा आजार पुरा होणं शक्यच नव्हतं, बापाचं रक्त साफ होतं. डॉक्टरबाईंनी ते आधीच सांगितलेलं होतं. तरी कुमरेभाऊंनी तपासून घेतलंच. रिपोर्ट आला त्या दिवशी मला फोन, माझा कान बधिर होईल एवढ्या आवाजात: "अर्धी हाय, मॅडम! अर्धी म्हणजे काईच नाई. माह्यासारखीच हाय ते. मले काय धाड भरली?"

त्यानंतर त्यांना मी एकदाच भेटले, गेल्या हिवाळ्यात. कामासाठी गडचिरोलीला गेले होते, दुपारी घरी डोकावले. वैशू माहेरी आलेली. शाल गुंडाळून चुलीपाशी बसली होती, आदल्या दिवशी गाडी जरा आष्टीकडे गेली होती म्हणाली, आता ठीक आहे. तिचं दुखणं काही कुठे गेलेलं नाही, आणि जाणारही नाही. पण ती हसत होती आणि आईला मीठ जास्त पडलं म्हणून चिडवत होती. मी पडवीत आले.

तिची मुलगी स्टुलावर चढून उभी होती. दोरी दोन्ही मुठींत धरून ती घंटी वाजवत होती. सवयीने मी मोजायला लागले. एक. दोन. तीन. चार. मग ते मोजण्यापलीकडे गेलं. ती खिदळत होती आणि घंटी थांबत नव्हती.

घंटीच्या बरोबर खाली, खाटेवर, कुमरेभाऊ झोपले होते. तोंड उघडं, बंडी वर सरकलेली, घोरत. गल्लीतल्या सायकलीच्या घंटीला उठणारा माणूस तो. मी एकदा हळूच "भाऊ" म्हटलं. त्यांनी कूस बदलली आणि पुन्हा घोरायला लागले.

मी त्यांना उठवलं नाही. तांब्यात पाणी भरून खाटेखाली ठेवलं, वर फुलपात्र झाकलं, आणि चपला घातल्या.